तुझी हवा आठ, माझी साठ

प्रिय अक्का,

आज रविवार. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत सकाळचे नऊ वाजलेत, म्हणजे तुझ्या कोर्ट्रेकमध्ये दुपारचे तीन. आपली फोनची वेळ. तू गेल्यापासून या वेळेला मी मुद्दाम काहीतरी काम काढून उठते. फ्रीज पुसते, कपड्यांच्या घड्या करते, अरविंदशी उगाच भांडते. आज उठता येत नाही. टेबलावर तुझ्या शेजारच्या मार्सेलचं पत्र आहे आणि त्याला गुरुवारच्या आत उत्तर हवंय.

त्याला काय सांगावं ते ठरत नाही, म्हणून आधी तुला लिहितेय. आणि रागावून लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. जानेवारीत तू गेलीस, आता ऑक्टोबर आलाय. नऊ महिने रडून झालं. आता माझी भांडायची पाळी.

तुझा मार्सेलराव काय लिहितो ते ऐक. तुझं घर ज्यांनी घेतलं ती माणसं येत्या शनिवारी राहायला येताहेत. तरुण नवरा-बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. मागची झोपायची खोली, म्हणजे तुझी खोली, त्या बाळाची होणार. भिंती रंगवायला मार्सेलने स्वतः मदत केली, फिकट पिवळा रंग दिलाय म्हणे. अंगणातलं नाशपातीचं झाड मात्र ते काढून टाकताहेत, उजेड अडतो म्हणून. गुरुवारी तोडणारा येतोय. ती लाकडं मार्सेलने मागून घेतलीत, पण तुझ्या माणसांना विचारल्याशिवाय घेणं त्याला बरं वाटेना. पुढचं त्याच्याच मोडक्या इंग्रजीतून उतरवते:

"तुमच्या बहिणीला माझ्या लाकडाच्या शेगडीचा वास फार आवडायचा. आईच्या घराची आठवण येते, असं ती म्हणायची. तुमची हरकत नसेल तर लाकडं वाळल्यावर दर रविवारी तिच्या झाडाचा एक तुकडा मी शेगडीत घालीन."

अक्का! असं सांगितलंस तू त्याला? खोटारडी!

आईच्या घरचा धूर कसला होता, हे मला माहीत नाही? बेळगावच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पाणी तापवायची पाळी तुझी असली की चार लाकडं सरकवून तू परसात पळायचीस आणि परकराचा सोगा नाकाला लावून विहिरीपाशी उभी राहायचीस. आई आतून ओरडायची, "शकू, बंब बघ जा. अक्काला सोसत नाही." की लागले मी फुंकणी घेऊन डोळे चोळायला. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान! तुझ्या वाटचा धूर मी लहानपणी पुष्कळ खाल्लाय. त्या बंबाची तुला प्रेमाने आठवण यायची, हे दुसऱ्या कुणाला सांग. मला नको.

सोसत नाही. आईला एका वाक्यात कळलं होतं ते. मार्सेलरावाला ते वाक्य सांगायला तुला एकोणीस वर्षं पुरली नाहीत?

तुझ्या गावची हवा मला इथे बसून पाठ झाली होती. माझ्या फोनवर हवामानाची तीन गावं असतात. एक श्रूजबरी, एक लेकीसाठी, नेहासाठी, बॉस्टन आणि एक तुझं. तुझ्या गावच्या चौकोनात बारा महिने एकच करडा ढग. तू म्हणायचीस, "इथला पाऊस पाऊस नव्हे आणि धुकं धुकं नव्हे. रुमाल पिळून झटकल्यासारखं काहीतरी येतं." भावोजी इचलकरंजीच्या मागांवर शिकून मागांची यंत्रं बनवायला तिथे गेले आणि मागोमाग तू गेलीस. पहिल्याच वर्षी लिहिलं होतंस, "भाषेवरून भांडणाऱ्या गावात वाढले, भाषेवरून भांडणाऱ्या देशात आले. मला काही जड जाणार नाही." आणि खरंच गेलं नाही. भावोजी गेल्यावरही तू तिथेच राहिलीस, तिथल्या लोकांची ती जाडीभरडी बोली बोलत, बाजारातल्या बायकांशी हसत.

मार्च आला की तू फोनवर नाक धरून बोलायचीस. शेतांवर टँकरने पातळ खत सोडायला सुरुवात व्हायची. "वसंत आल्याचं इथे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं गं." उन्हाळ्यात दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की दुपारी खिडक्यांवरची शटरं खाली ओढून दुकान बंद केल्यासारखी अंधारात बसायचीस. समुद्राकडून वारा आला की बरं. पण थंडीत तो वारा पडायचा. मग आभाळ खाली येऊन छपरांवर बसायचं आणि गल्लीतल्या सगळ्या चिमण्यांचा धूर गल्लीतच राहायचा. हे सगळं तूच सांगितलंस, हसत हसत, दुसऱ्या कुणाच्या गावाबद्दल सांगावं तसं. त्या धुरात तू श्वास घेतेस हे कधी सांगितलं नाहीस.

आकड्यांचा खेळ आपण कधी सुरू केला, आठवतं? त्या उन्हाळ्यात कॅनडातली जंगलं जळत होती आणि इथे आमच्या अंगणात दुपारी तांबडा उजेड पडला होता. सूर्याकडे सरळ बघता येत होतं. नेहाने माझ्या फोनवर हवेचा आकडा दाखवणारं अ‍ॅप घालून दिलं. मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "आमच्याकडेही असतो की आकडा. मी रोज बघते." झालं! त्या रविवारपासून फोनची सुरुवात तिथूनच.

"आज किती?"

"आज सात की गं."

"सात? अक्का, सात! आमच्याकडे छप्पन्न!"

"छप्पन्न? अगं बाई! आणि तू फिरायला जातीस?"

"जाते की. पाटीलकाकू येतात न्यायला."

"नको जाऊस. घरातच चार फेऱ्या मार. तुमच्याकडं एवढी मोठाली घरं."

मग मी म्हणायची, "तू जिंकलीस बाई!" आणि तू हसायचीस. हसता हसता खोकायचीस. मी म्हणायची, पाणी पी.

कॉन्व्हेंटच्या शाळेत गणितात मी पहिली यायची, अक्का. मदर माझी वही वर्गाला दाखवायच्या. आणि आयुष्यात एकदा खरोखर कामाचं गणित समोर आलं, तर दोन आकडे एकाच मापाचे आहेत का, एवढंसुद्धा विचारलं नाही!

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. ते मला आठवायचं नसतं, पण लिहितेच. तू इकडचं तिकडचं बोलून मग हळूच म्हणालीस, "मी येऊ काय गं तुझ्याकडं? थंडीचे चार महिने. मार्चात परत जाईन." तू कधी काही मागत नाहीस. आयुष्यभरात मी तुला भात वाढून घेतानासुद्धा 'अजून' म्हणताना ऐकलं नाही. माझ्या कानाला ते लागायला हवं होतं. आणि मी काय म्हणाले? मी अगदी डॉक्टरीण असल्यासारखं समजावलं तुला. "अक्का, तुला दमा. तुझी हवा आठ, माझी साठ. इथे येऊन काय करतेस? तिथेच बरी आहेस. उन्हाळ्यात ये."

तू म्हणालीस, "होय की. ते पण खरंच."

इकडे खालची खोली रिकामी होती! पलंगावर धुतलेली चादर होती! मी तुला नको म्हटलं ते तुझ्या फुप्फुसांची काळजी म्हणून म्हटलं, हे आता कुणाला सांगू? अरविंद म्हणतो, "तुझा हेतू चांगला होता." हेतूने श्वास घेता येतो का?

जानेवारीत पाच दिवस वारा पडला होता. रविवारी तू म्हणालीस, "आज नऊ गं." आवाज बारीक झाला होता. आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, "वा! अजून एका आकड्यातच आहेस!" बुधवारी तू गेलीस. आपलं शेवटचं बोलणं ते. मी तुझं अभिनंदन केलं, अक्का.

तिथे पोचले तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात तुझी नर्स बसली होती. लिव्ह, रोज सकाळी येऊन तुझं औषध-पाणी बघणारी. तिने मला कॉफी दिली, तुझा टॅबलेट हातात दिला, उघडला तर तेच पान समोर. गावाचं नाव, मोठा आकडा, आणि मागे लाल रंग. चांगल्या हवेला लाल रंग कशाला, म्हणून मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळेना.

"हा एक ते दहा असतो ना," ती म्हणाली. "एक म्हणजे उत्तम. दहा म्हणजे सगळ्यात वाईट."

मी म्हणाले, "आमच्याकडे शून्य ते पाचशे असतो. पन्नासपर्यंत छान."

मग लिव्हने तोंडावर हात ठेवला. तू तिला काय सांगायचीस ते तिने मला तेव्हा सांगितलं. ती म्हणायची, मावशी... हो, तू तिला मावशी म्हणायला शिकवलं होतंस, तेही मला तिथेच कळलं. "मावशी, आज हवा वाईट आहे, डॉक्टरांना फोन करू का?" आणि तू म्हणायचीस, "माझी धाकटी बहीण अमेरिकेत साठ घेते. मी आठासाठी काय रडू?"

लिव्हला वाटायचं तू तापमानाबद्दल बोलतेस. अमेरिकेतलं तापमान वेगळं मोजतात, एवढं तिला ठाऊक होतं. तेवढंही आपल्याला सुचलं नाही!

म्हणजे तू माझी कीव करत होतीस आणि मी तुझा हेवा करत होते. तू गप्प राहिलीस ते माझ्यासाठी. मी बिचारी साठात राहते म्हणून! अक्का, याला काय म्हणू? मला हसू येतं आणि त्या हसण्याचाच राग येतो. दोघी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, दोघींनी पदव्या घेतल्या, दोघी परदेशात घरं चालवली, आणि दर रविवारी एकमेकींना आकडे वाचून दाखवले, शाळेत एकमेकींना गुण सांगावेत तसे. एकदा, फक्त एकदा जरी तू म्हणाली असतीस, "शकू, आठाला मला जिना चढवत नाही," तर मी तिकीट काढून आले असते. पण तुझ्या तोंडून तक्रार यायची कुठली!

ही तुझी खोड त्या शाळेतली. स्पोर्ट्स डेला तुला नवे काळे बूट घट्ट झाले होते. मार्चपास्टभर तू चाललीस, मान ताठ, आणि संपल्यावर पांढरा मोजा काढला तर टाचेला रक्त. मदरनी सगळ्या शाळेसमोर तुला 'ब्रेव्ह गर्ल' म्हटलं आणि सोनेरी कडेचं देवदूताचं चित्र दिलं. त्याच आठवड्यात मी डब्यात केस निघाला म्हणून बोंबलले, तर मला व्हरांड्यात उभं केलं. तू ते चित्र बायबलच्या गोष्टींच्या पुस्तकात जपून ठेवलंस. मला तेव्हा तुझा मत्सर वाटला होता. आज त्या मदर भेटल्या तर त्यांना विचारीन, मुलीचा पाय सोलवटलाय आणि तुम्ही बक्षीस कसलं देता? बूट काढायला का नाही सांगितलं?

आणि तुझं ते गाव! रोज सकाळी मोजतात, रंग देतात, आकडा देतात, पुढचे दोन दिवस कसे असतील तेही सांगतात. किती व्यवस्थित! वारा पडला की लाकडं जाळू नका असं सुचवतात. सुचवतात, बरं का. ज्यांना श्वासाचा त्रास आहे त्यांनी घराबाहेर पडू नये, म्हणतात. घरात कुठली वेगळी हवा असते? तुझ्या मागच्या खोलीची खिडकी आणि मार्सेलची चिमणी यांच्यात बारा-पंधरा फूट अंतर होतं. मी मोजलं पावलांनी. खिडकी बंद असली तरी उशीच्या अभ्र्याला धुराचा वास होता. तो अभ्रा मी घेऊन आले होते तुझा वास येईल म्हणून. तुझा वास नव्हताच त्याला.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जुनी झाली होती, कशाने काय झालं हे नेमकं सांगता येत नाही. ठीक आहे. मीही धुराने माणूस मारला असं म्हणत नाही. पण जिथे श्वास घेणं मुळातच कष्टाचं, तिथे दर संध्याकाळी त्यात भर कुणी घालत होतं, हे तर खरं ना?

आणि ते कोण? तर मार्सेल. पायऱ्यांवरचा बर्फ खरवडणारा मार्सेल. तुझी किराण्याची पिशवी आणणारा, तुला स्वतःच्या गाडीने दवाखान्यात नेणारा. शत्रू असता तर सोपं होतं गं!

तुझे विधी आटोपून आल्यावर त्याने मला घरी बोलावलं. त्याच शेगडीसमोर बसवलं. लीकच्या पातीचं सूप दिलं, पायांवर घोंगडी घातली. काचेच्या दारामागे लाकडं फुलली होती. लिव्हचं बोलणं अजून कानात ताजं होतं. मला ओरडायचं होतं. तो म्हणाला, "ऊब छान आहे ना?" आणि मी म्हणाले, "हो मार्सेल, फार छान."

बघितलंस? मीही तीच. तुला खोटारडी म्हणायला माझी जीभ कशी वळते!

त्याचं पत्र मागच्या सोमवारी आलं. तेव्हापासून मी चार मसुदे लिहिलेत. 'प्रिय मार्सेल, तुमच्या भावना वाचून मन भरून आलं' इथून सुरू होतात आणि 'जरूर घ्या लाकडं' इथे संपतात. मधे सत्य घालायला जागाच होत नाही. काल नेहा आली होती. तिने चारही वाचले.

"मॉम, यू आर थँकिंग हिम? फॉर व्हॉट?"

"अगं, चांगला माणूस आहे. त्याने अक्कामावशीचं किती केलं. म्हातारा आहे, त्याला कशाला दुखवायचं?"

"ओके. अँड द बेबी?"

ती फ्रीजमधून दही काढून भातावर घेत होती. मान वर न करता म्हणाली, "सो ही गेट्स टू फील नाइस अँड द बेबी गेट्स मावशीज रूम. जस्ट टेल हिम, ना."

इथे जन्मलेल्या मुलांना भीड नसते म्हणून आपण किती नावं ठेवली, अक्का! पाहुण्यांसमोर बोलतात, मोठ्यांना उलट विचारतात. काल मला वाटलं, बरं झालं. या घरात भीड माझ्यापाशीच संपली.

आठ महिन्यांचं बाळ. पिवळ्या भिंतींची खोली. ऑक्टोबर लागलाय, म्हणजे शेगडी पेटायला आलीच. मी 'जरूर घ्या' असं लिहिलं, तर मी काय केलं असं होईल?

थांब. पत्र नको. पत्रात मला गोड लिहिता येतं. फोन करते. आत्ताच.

*

अकरा वाजून गेलेत. झालं बोलून.

त्याने पहिल्याच रिंगला उचलला. वाट बघत होता वाटतं.

"मार्सेल, लाकडांबद्दल फोन केलाय."

"हो, हो! तुमची हरकत नाही ना?"

"आहे."

त्याच्या मागे रेडिओ चालू होता, तो त्याने बंद केला.

मी सांगितलं. जसं सुचेल तसं सांगितलं. बंब सांगितला, आई काय म्हणायची ते सांगितलं, खिडकी आणि चिमणी सांगितली, उशीचा अभ्रा सांगितला. अक्काला तुमच्या धुराचा त्रास व्हायचा, पुष्कळ व्हायचा, आणि ती तुम्हाला खोटं सांगत होती.

"नाही," तो म्हणाला. "नाही. मी विचारलं होतं."

"केव्हा?"

"दर वर्षी! पहिल्यांदा शेगडी पेटवायच्या आधी तिचं दार वाजवून विचारायचो. धूर येतो का? त्रास होतो का? दर वर्षी ती म्हणाली, नाही मार्सेल, छान वास येतो. आणि मला आत बसवून तो तुमचा आल्याचा चहा द्यायची." त्याचा आवाज चढला. "मी आणखी काय करायला हवं होतं? सांगा ना!"



"आणि तुम्हाला माहीत आहे का," तो म्हणाला, "गेल्या दोन हिवाळ्यांत मी शेगडी जास्त वेळ चालू ठेवायचो. तिच्यासाठी. आमची भिंत एक आहे. मला वाटायचं ती आजारी आहे, तिची बाजू गरम राहील."

अक्का, ऐकतेस ना? तुझ्यासाठी जास्त जाळत होता तो!

मग तो म्हातारा माणूस रडला. रडत रडत चिडला. "तिने मला वाईट माणूस करून ठेवलं," म्हणाला. "आणि मला कळूही दिलं नाही. मला थांबता आलं असतं. ती संधी तिने मला दिली नाही!"

माझ्या ओठांवर लगेच आलं, 'असू दे मार्सेल, तुमचा काय दोष, मनाला लावून घेऊ नका.' अगदी तोंडापर्यंत आलं. मी ओठ आवळून धरले. कारण ते म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पूर्वीसारखं झालं असतं. छान वास, छान ऊब, आणि आत त्या खोलीत एक बाळ.

मी म्हणाले, "मार्सेल, शनिवारी ती मुलगी त्याच खोलीत झोपणार आहे."

तो म्हणाला, "मी त्यांना विचारीन. आईवडिलांना. त्यांना त्रास होत असेल तर..."

"विचारू नका!" मी ओरडले गं. सत्तरीच्या उंबरठ्यावर मी परक्या माणसावर ओरडले. "विचारलं की चांगली माणसं 'नाही' म्हणतात. ती नवीन आहेत, तुम्ही त्यांच्या भिंती रंगवल्यात, ती 'नाही'च म्हणणार. विचारायचं नाही. थांबवायचं."

"तीन हिवाळ्यांची लाकडं रचून ठेवलीत मी."

"पाहिलीत मी."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ती शेगडी माझ्या बायकोने बसवून घेतली होती."

मी गप्प राहिले. इतकी गप्प मी जन्मात कधी राहिले नव्हते. तुझ्यासारखी गप्प नव्हे, बरं का. तुझ्या गप्प राहण्याने समोरच्याचं ओझं उतरायचं. माझ्या गप्प राहण्याने ते त्याच्या खांद्यावरच राहिलं.

शेवटी म्हणाला, "बघतो." आणि फोन ठेवला. अच्छा-बिच्छा काही नाही.

अरविंद दारात उभा होता. "काय झालं?"

"एका म्हाताऱ्या माणसाला रडवलं."

"बरं झालं की वाईट?"

"माहीत नाही," म्हणाले. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मीही रडले, पण वेगळं रडू होतं ते. गेल्या नऊ महिन्यांतलं नव्हतं.

अक्का, मार्सेल तुझ्यावर रागावलाय. आता आम्ही दोघं आहोत. आणि मला वाटतं लिव्हही असेल. तुझ्या चांगुलपणाने किती माणसांना फसवलंस, बघ तरी! कुणाला त्रास होऊ नये म्हणून तू सोसलंस आणि आमच्यापैकी एकालाही त्रासातून सोडवलं नाहीस. मला तुझी खोली तयार करू दिली नाहीस. त्याला शेगडी विझवू दिली नाहीस. आम्ही चांगले वागलो असतो, अक्का! एवढा तरी विश्वास ठेवायचा होतास. तू एक शब्द बोलली असतीस, तर आम्ही दोघंही तुला वाटत होतो त्यापेक्षा चांगली माणसं निघालो असतो.

मार्सेल काय करील ते मला ठाऊक नाही. 'बघतो' म्हणजे त्यांच्या भाषेत काय, तेही ठाऊक नाही. पण एक वचन देते. शनिवारी ते सामान उतरवतील, त्या दिवशी मी त्याला पुन्हा फोन करीन. त्याने उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन आणि परत फोन करीन. चिमणीतून धूर निघतो का, ते विचारीन. 'नाही' म्हणाला तरी लिव्हला विचारीन, ती त्याच गल्लीतून जाते. कारण 'नाही' या शब्दावरचा माझा विश्वास तू उडवलास, आणि तो आता कुणीच परत आणू शकत नाही.

तुझीच, अजून रागात असलेली,

शकू